मी थांबले ते सातव्या सर्व्हरवर

मी एक स्क्रिप्ट बोलतेय. मला हात नाहीत, पाय नाहीत, वजन तर नाहीच. एकाखाली एक लिहिलेल्या दीडशेएक ओळी, एवढाच माझा देह. नवा सर्व्हर आला की मला त्याच्यावर सोडतात आणि मी त्याला कामाजोगा करते.

काम काय, तेही सांगते. हल्लीचे प्रोग्राम डबाबंद येतात. लागणारं सगळं सामान आतच भरलेलं असतं. त्या डब्याला कंटेनर म्हणतात. पण डबा चालवायला सर्व्हरवर आधी आणखी एक प्रोग्राम बसवावा लागतो, तो रनटाइम. तो नसेल तर डबा नुसता पडून राहतो. हा रनटाइम बसवणं माझ्याकडे.

माझा जन्म रुग्णवाहिका पाठवणाऱ्या एका केंद्रात झाला. पुढच्या दालनात बारा जणी कानाला हेडफोन लावून फोन घेत, समोरच्या नकाशावर सगळ्यात जवळची गाडी शोधत आणि तिला पिटाळत. मागच्या थंडगार खोलीत चौदा सर्व्हर घोंघावत असायचे. तो नकाशा त्यांच्याच जिवावर चालायचा.

ती खोली दोघं सांभाळत. एक मास्तर. त्यांनी कधी शाळेत शिकवलं नव्हतं, पण अक्षर असं वळणदार आणि चूक दिसली की भुवई अशी वर, की दुसरं नाव त्यांना शोभलंच नसतं. दुसरी धाकटी. केंद्रात एकाच नावाच्या दोघी होत्या. ही वयाने लहान, म्हणून धाकटी. पुढे केसांत पांढरी बट आली तरी धाकटीच राहिली.

माझ्याआधी मास्तर हे काम हाताने करत. त्यांच्या वहीत सव्वीस पायऱ्या लिहिलेल्या होत्या. एकेक पायरी झाली की पेन्सिलीने खूण. चौदाव्या सर्व्हरच्या वेळी पंचविसाव्या पायरीवर त्यांना कुणीतरी हाक मारली. परत आले आणि थेट सव्विसावी केली.

राहून गेलेली पायरी साधी होती. सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तर रनटाइमने आपणहून उठावं, एवढीच सूचना. महिनाभर कुणाला पत्ता लागला नाही. मग एका दुपारी विजेच्या दुरुस्तीसाठी सगळे सर्व्हर बंद करून चालू केले. तेरा कामाला लागले. चौदावा चालू झाला, पण त्यातला रनटाइम झोपलेलाच. नेमका नकाशाचा मुख्य भाग त्याच्यावर होता.

नऊ मिनिटं पडदे काळे होते. तेवढ्यात तीन फोन आले. तिघेही वाचले; पण छातीत कळ आलेल्या एका आजोबांकडे दोन गल्ल्यांवरची गाडी सोडून गावाबाहेरची गेली.

केंद्राच्या साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. "हा सर्व्हर कोणी लावला होता?"

मास्तर उभे राहिले. "मी." आणि वही उघडून ती न केलेली खूण त्यांनीच दाखवली.

त्यानंतर त्यांच्या हाताने धास्तीच घेतली. एकेक पायरी तीन-तीनदा तपासायचे आणि तरी उठून पुन्हा बघायला जायचे. धाकटीला ते बघवेना.

"मास्तर, सव्वीस गोष्टी माणसाने दर वेळी न चुकता करायच्या, ही अपेक्षाच चुकीची आहे."

"म्हणजे मी म्हातारा झालो, असंच ना?"

"मीसुद्धा चुकले असते. तुमची वही द्या मला."

त्या वहीतून मी जन्मले. चार आठवडे लागले. धाकटी लिहायची, जुन्या सर्व्हरवर मला चालवायची, मी धडपडायचे, ती पुन्हा लिहायची. तिने मला तीन सवयी लावल्या. झालेलं काम पुन्हा करायचं नाही. प्रत्येक पायरीनंतर ती खरंच झाली का, ते बघायचं. आणि काही पटलं नाही तर तिथेच थांबायचं, दामटून पुढे जायचं नाही.

मास्तर शेजारी बसून तोंड वाकडं करत. "ही पडद्यावर काय बडबडतेय? माणसाला कळेल असं बोल म्हणावं." मग दोघांनी बसून माझी सगळी वाक्यं साध्या मराठीत लिहिली. तरी मास्तरांचा माझ्यावर विश्वास नव्हता. "जी कधी घाबरलेली नाही, तिच्यावर भरवसा कसा ठेवायचा?" ते म्हणत.

आणि एका दुपारी खोली थंड ठेवणारं यंत्रच बंद पडलं. अर्ध्या तासात आतली हवा भट्टीसारखी तापली. एकामागून एक सर्व्हर माना टाकू लागले. पुढच्या दालनात बायकांनी कागद आणि वायरलेस हाती घेतले. "कुठली गाडी जवळ आहे? सांगा ना कुणीतरी!" असा आवाज इथपर्यंत येत होता.

गोदामात सात जुने सर्व्हर पडून होते. नकाशा चालायला किमान सात सर्व्हर लागायचे, म्हणजे सातच्या सात हवे होते. दोघांनी आणि साहेबांनी मिळून ते उचलून जिन्याजवळच्या हवेशीर खोलीत आणले. हाताने लावायचे तर दिवस गेला असता. धाकटीने मला सातही सर्व्हरवर एकदम सोडलं.

दहा मिनिटांत सहा तयार झाले. सातव्यावर मी थांबले. बाहेरून येणारं सामान खऱ्या ठिकाणाहूनच आलंय ना, हे त्याच्यावरच्या मोहोरेवरून मी तपासते. मोहोर पटेना. मी पडद्यावर लिहिलं : "मी थांबले आहे. सामानावरची मोहोर अजून लागू झालेली नाही."

"ती तपासणी काढून टाक," साहेब म्हणाले. "तिकडे माणसं ताटकळलीत."

एक शब्द खोडला असता तर मी निमूट पुढे गेले असते. धाकटीचं बोट त्या ओळीपर्यंत गेलं. मग तिने हात मागे घेतला.

"नाही साहेब. मोहोर न पटलेलं सामान मी इथे बसवणार नाही."

"जबाबदारी माझी."

"उद्या त्याच्यामुळे गाडी भलत्याच घरी गेली, तर तुमची जबाबदारी घेऊन तो माणूस काय करेल?"

साहेब लाल झाले. मलाही कारण ठाऊक नव्हतं. पटत नाही, एवढंच ठाऊक होतं. मास्तरांनी घाम पुसला, चष्मा लावला आणि माझं वाक्य बोट फिरवत सावकाश वाचलं.

"अजून लागू झालेली नाही… अजून? अगं, अजून म्हणजे ती पुढे कधीतरी होणार आहे! या यंत्रात आज तारीख कोणती आहे?"

धाकटीने बघितलं. सहा वर्षांपूर्वीची. गोदामात पडून पडून आतला घड्याळाचा सेल संपला होता. आजची मोहोर त्या बिचाऱ्याला भविष्यातली वाटत होती. तिने घड्याळ लावलं आणि मला पुन्हा सोडलं. मी झालेल्या पायऱ्या ओलांडून थेट अडलेल्या जागी गेले. दीड मिनिटात काम संपलं आणि धाकटीने नकाशाचे डबे सातही सर्व्हरवर चालू केले.

"नकाशा आला!" दालनातून ओरड झाली आणि लगेच, "सहा नंबर गाडी, निघा!"

साहेबांनी एक खुर्ची ओढून धाकटीला बसायला दिली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी एका बोटाने टाइप करत माझ्यात एक तपासणी घातली : आधी घड्याळ बघ. माझ्यात त्यांनी एकट्याने लिहिलेलं तेवढंच.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. धाकटी आता तीन केंद्रं बघते आणि तिन्हीकडे मीच चालते. माझ्या जागी मोठी प्रणाली येणार म्हणतात. खुशाल येऊ दे. नव्या लोकांनी माझ्या काही ओळींपुढे "अनावश्यक" असा शेराही मारलाय. माझं म्हणणं एवढंच : मला बदला, मोडा, हवं तर पुसून टाका, पण एखादी तपासणी काढण्याआधी ती कुणी आणि का घातली, ते विचारा. आणि मी थांबले तर मला शिव्या देण्याआधी माझं वाक्य शेवटपर्यंत वाचा.

बोलणं पुरे झालं. दाराशी अकरा नवे सर्व्हर उतरलेत आणि त्यातला पहिला सुरू झालाय. धाकटीने माझं नाव टाइप केलंय. तिने एंटर दाबायचा अवकाश.