घरचा माणूस शेवटी

आमचे मालक, म्हणजे माझा नवरा जिनदत्त, लग्नकार्यात कॅमेरा धरतात आणि मी माधवनगरात घराच्या पुढच्या खोलीत बसून एडिटिंग करते. त्यांना शूट करताना हात आवरत न्हाई आणि निस्तरायला मी हाय, एवढंच काय ते आमच्यात भांडण. पण ह्या खेपेला त्यांचा काडीचा दोष न्हवता, हे आदीच सांगते.

कवठे महांकाळच्या पलीकडच्या एका गावचा जयराज फौजेतनं रिटायर होऊन येणार होता. फौजी घरी आला की आमच्याकडं गाव ट्रॅक्टर सजवतं, मागच्या ट्रॉलीत खुर्ची मांडून त्याला मिरवतं. त्याआधी देवळापुढं मोठ्या स्क्रीनवर त्याची फिल्म दाखवायची ठरली. ते काम घेऊन त्याचा चुलतभाऊ ऋषिराज आदल्या दिवशी सकाळी आमच्याकडं आला. सोबत जयराजची आई, राहीबाई. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत काच फुटलेला जुना मोबाईल.

"फोन द्या मावशी, आत बसून काम करते," मी म्हटलं.

"देती की. पर मी बी हितंच बसती," ती म्हणाली. "आमचं मालक हायत त्यात."

तिचे मालक, आकाराम, दोन वर्षांमागं वारले. जयराज तवा बर्फातल्या चौकीवर होता, वाटा बंद होत्या, बापाच्या मातीला त्याला येता आलं न्हाई. जायच्या आदी म्हाताऱ्यानं पोरासाठी मोबाईलवर व्हिडिओत बोलून ठेवलं होतं. पाठवायचं कसं ते ठाऊक न्हवतं, आणि कुणाला विचारायची लाज वाटली. राहीबाईला ते मागनं घावलं. तिनंही पाठवलं न्हाई.

"एकलाच डोंगरात बसून बघितलं असतं त्यानं," ती म्हणाली. "माणसांत आल्यावर बघू दे म्हटलं. तवर फोनची काच गेली. आता नुसता आवाज येतोय, त्यांचं त्वांड मलाबी दिसत न्हाई."

फोनमधलं कार्ड काढून क्लिप कॉम्प्युटरवर घेतली.

ऋषिराजनं दुसराच पेनड्राइव्ह पुढं केला. गावच्या वेशीवर स्वागताचा फ्लेक्स लागला होता, त्यावरच्या सगळ्या शुभेच्छुकांचे चेहरे फ्लेक्सवाल्याकडनं आणले होते. त्यातलं एक जरी तोंड फिल्ममधे दिसलं न्हाई तर तो माणूस वर्षभर बोलत न्हाई, हे मला नवीन सांगायला नको. क्रमही ठरलेला. आधी गावचे पुढारी लालासाहेब, मग पावणेरावळे, मग मंडळाची पोरं. घरचा माणूस शेवटी. पंगतीतही आमी असंच करतो.

तसंच लावलं. चेहरे एकामागनं एक गेले आणि म्हातारा यायच्या वक्ताला पडदा पांढरा झाला. कॉम्प्युटरचा पंखा घरघरायला लागला आणि सॉफ्टवेअर आपोआप बंद पडलं. परत चालू केलं, परत तिथंच. मेमरी बघितली तर गच्च भरलेली.

बाकीच्या खिडक्या बंद केल्या. साठलेल्या तात्पुरत्या फायली पुसल्या. प्रिव्ह्यू हलका केला. मोबाईलची क्लिप म्हणून शंका आली, तर ती दुसऱ्या फॉरमॅटमधे करून घेतली. तरी म्हातारा काय उंबरा ओलांडंना.

"रॅम वाढवायला पाहिजे," जिनदत्त दारातनं म्हणाले.

"वाढवा की. तोवर जरा चहाचं बघा," मी म्हटलं. ते गुमान आत गेले.

ऋषिराज कंटाळला होता. "वैनी, ती क्लिपच बाद हाय. काकांचा हार घातलेला फोटो लावा आन् विषय मिटवा."

मी राहीबाईकडं बघितलं. तिनं पिशवीची गाठ सोडली, परत मारली. "अडचण व्हत असंल तर ऱ्हाऊ द्या बाई," ती म्हणाली. "घरचंच माणूस हाय. राग न्हाई धरायचे ते."

माझं डोकंच फिरलं. ऋषिराजवर न्हाई, मशीनवर न्हाई, त्या "घरचंच" वर. म्हटलं, मावशी, गप बसा तुमी.

एक कोरा प्रोजेक्ट उघडला आणि त्यात म्हाताऱ्याची क्लिप एकटीच टाकली. लगेच चालली. टोपी सारखी करत आकाराम पडद्यावर आले. राहीबाई उठून जवळ आली, डोळं भरून बघितलं आणि त्यांनी तोंड उघडायच्या आतच म्हणाली, "बास. आदी पोरानं बघू दे."

म्हणजे क्लिप चांगली होती. मग गुन्हेगार कोण? पहिला प्रोजेक्ट परत लावला आणि आता मेमरीच्या आकड्यावर नजर ठेवली. लालासाहेबांचा चेहरा आला, आकडा उडी मारून वर. पुढचा पावणा आला, आणखी वर. लालासाहेबांची फाइल उघडून बघते तर फ्लेक्सवाल्यानं वेशीवरच्या फ्लेक्सच्या मापाची, छापायचीच अवाढव्य फाइल दिलेली. सगळ्यांच्याच तशा. तेवढाले चेहरे सॉफ्टवेअर मेमरीत धरून बसायचं, आणि शेवटी म्हातारा आला की त्याला टेकायलाही जागा उरायची न्हाई.

"सगळी तोंडं बारीक करणार," मी ऋषिराजला सांगितलं.

"लालासाहेबांचं त्वांड बारीक केलं तर माझ्या नावानं शिमगा हुईल."

"दिसणार तेवढंच रं बाबा. नुसतं ओझं उतरायचं."

त्याला विश्वास बसंना. लालासाहेबांचा आधीचा आणि हलका केलेला चेहरा शेजारी लावून दाखवला. तो मिशा निरखत बसला, मग म्हणाला, सारख्याच हायत. बसल्या बैठकीत सगळे चेहरे स्क्रीनच्या मापाचे करून घेतले. मेमरी निम्म्यावर आली आणि फिल्म एका दमात तयार झाली.

"मावशी, तुमच्या मालकांना सगळ्यांच्या आदी घेऊ?" मी विचारलं.

"नगं. शेवटीच ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "घरचं हायत."

दुसऱ्या दिवशी मीही गेले, पेनड्राइव्ह दुसऱ्याच्या हाती द्यायची माझी छाती होईना. देवळापुढं सगळं गाव. जयराज वर्दीत, पुढच्या खुर्चीत, शेजारी राहीबाई. चेहरे आले, लोकांनी आपापल्या तोंडांवर टाळ्या वाजवल्या. मग पडद्यावर टोपी सारखी करत आकाराम आले. टाळ्या थांबल्या.

"जयराज, ऐक. तू रिटायर हून आलास की तुझ्या मिरवणुकीचा ट्रॅक्टर मीच चालवणार. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा न्हाई. काय?"

जयराज उभा राहिला. "व्हय आबा," म्हणाला, बाप समोर असल्यागत. मग तोंड फिरवून रडला.

सजवलेल्या ट्रॅक्टरवर ऋषिराज चढून बसला होता. जयराजनं त्याला खाली उतरवलं. गळ्यातला हार काढून आईच्या गळ्यात घातला, तिला धरून ट्रॉलीतल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः स्टिअरिंग धरलं. ज्याला मिरवायचं तोच ट्रॅक्टर चालवतोय म्हणून हलगीवाले बावचळले, मग वाजवायला लागले. राहीबाई हार सांभाळत, पिशवी पोटाशी धरून बसली होती.

जिनदत्तांनी कॅमेरा खाली घेऊन डोळं पुसलं.

"आवं, शूट करा," मी म्हटलं. "ह्यातलं काय कापायचं न्हाई मला."