उलट्या पाट्या

तळघरातून गडगडाट आला आणि सिरिलच्या हातातला चहा बशीत सांडला. कोणीतरी पिंपं हलवत होतं.

सत्तरी ओलांडलेला माणूस, पण धडाधड जिना उतरला. पाहतो तर काय, मंगळवारपासून तान्ह्या लेकरांसारखी निजवलेली तिन्ही पिंपं समोरच्या भिंतीला, आणि जोएल नव्या फ्रिजसाठी जागा झाडतोय.

जोएल आणि त्याची बायको कर्स्टी यांनी महिन्यापूर्वी ‘पांढरी कालवड’ हा पब चालवायला घेतला होता. गालिचा गेला, डॉमिनोचं टेबल गेलं, भिंती करड्या झाल्या. सिरिलने तेही चालवून घेतलं. एकेचाळीस वर्षं तळघरातली बिअरची पिंपं सांभाळायचं काम तेवढं त्याचं होतं.

“हलवलीस?”

“थोडीशीच, आजोबा. काय बिघडलं?”

काय बिघडलं! जिवंत बिअर ती, पिंपातही आंबत राहणारी. गाळ बसायला दोन दिवस लागतात, ढवळायला एक धक्का पुरतो. आणि आजच दुपारी हेट्टीला मातीपर्यंत पोचवून सगळी गल्ली इथे येणार होती. जोएलच्या आधी तीस वर्षं हेट्टीनेच हा पब चालवला. रोज पहिला ग्लास ती खिडकीशी धरायची. पलीकडच्या चर्चच्या घड्याळाचे काटे त्यातून दिसले, तरच दुसरा भरायची. इस्पितळात त्याचा हात धरून म्हणाली होती, “सिरिल, माझ्या दिवशी गढूळ पाजू नकोस हं लोकांना.”

“पाजीन होय मी?” तो म्हणाला होता.

सकाळभर त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. दर अर्ध्या तासाने खाली जायचा, पिंपांना हात न लावता नुसता बघत उभा राहायचा. चर्चमध्येही हेट्टीबद्दल लोक काय बोलले ते ऐकलं नाही त्याने. डोक्यात एकच, बसला असेल का गाळ? याची त्याला फार लाज वाटली.

सगळ्यांच्या आधी तो धापा टाकत परतला. एकेका पंपातून एकेक ग्लास काढला, खिडकीशी धरला. काटे सोडा, चर्चचा मनोराही दिसेना.

“अहो, हल्ली लोक गढूळच मागतात,” जोएल म्हणाला. “चवीला काही होत नाही.”

पोरगा खोटं बोलत नव्हता. तेच सिरिलला जास्त लागलं. तिन्ही ग्लास त्याने मोरीत ओतले आणि तिन्ही पंपांवरच्या पाट्या फिरवल्या, बिअरचं नाव आत, कोरी बाजू बाहेर.

“आजच्या दिवशी? साठ माणसं येतायत!”

“म्हणूनच.”

काळे कोट आत आले. पाटी उलटी म्हणजे ती बिअर आज मिळणार नाही, हे गल्लीतल्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. हेट्टीची बहीण नोरा सगळ्यांच्या पुढे होती. तिने पाट्यांकडे पाहिलं, मग सिरिलकडे.

“चहा मिळेल का रे?” तिने विचारलं.

मागच्यानेही चहाच मागितला, त्याच्या मागच्यानेही. जोएल फ्रिजमधल्या बाटल्या दाखवत राहिला. शेवटी कर्स्टीने त्याला बाजूला केलं आणि किटली ठेवली.

तळघर आता तिनेच सांभाळावं म्हणून सिरिलने किल्ली तिच्याजवळ ठेवली. मग हेट्टीचा तो रोजचा पहिला ग्लास नळाच्या पाण्याने भरला आणि खिडकीशी धरला. दोन्ही काटे स्वच्छ दिसत होते.