एक्वाच्या बाटलीतलं पाणी

मंगळवारी समुद्रात होडी लोटायची नाही. तो दिवस समुद्राचा.

पांढरी गोळी पाण्यात नीट विरत नाही. आधी दोन दगडांत तिचं पीठ करावं लागतं, तरीही थोडं तळाशी बसतंच.

मासे धुरवायच्या भट्टीपाशी फेफऱ्याचा झटका आला, तर पोर आगीतून हात मागे घेत नाही. हात आगीत आहे हे तिला कळतच नाही.

प्रार्थनेच्या आवारात येताना दोन गोष्टी फाटकाबाहेर ठेवायच्या: चपला आणि औषधं.

चपला आराबाने ठेवल्या होत्या.

तिच्या लेकीच्या, एक्वाच्या हाताची कातडी मनगटापासून कोपरापर्यंत अजून गुलाबी होती. पोर भाजली तेव्हा सासरच्यांनी ‘हिला भूत लागलंय’ म्हणून मायलेकींना बाहेर काढलं. आसरा दिला तो आवाराच्या प्रमुख, म्हाताऱ्या मामे डान्सोवाने. एक्वाला झटका आला की लोक पांगायचे; मामे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसायची. आपल्या वाटणीची केंकी, आंबवलेल्या मक्याचा उंडा, मोडून तिला भरवायची. फक्त गोळ्यांचं नाव काढू द्यायची नाही. दोन धन्यांची चाकरी होत नसते, म्हणायची.

आवारात प्रत्येक आजाऱ्याची एक बाटली. विहिरीचं पाणी भरून ती क्रुसाच्या पायाशी ठेवायची, प्रार्थना झाली की सकाळ-संध्याकाळ त्यातलं घोटभर घ्यायचं. दुसऱ्याच्या बाटलीला कुणी बोट लावत नसे. म्हणून आराबाने गोळ्यांचं पीठ तिथेच लपवलं.

पाऊस सरला, उत्तरेचा कोरडा धुळीचा वारा सुटला, तरी एक्वाला झटका आला नाही.

त्या मंगळवारी होड्या वाळूवर होत्या, त्यामुळे आवार भरलं होतं, प्रार्थनेचे खुळखुळे वाजत होते. आणि मामेने एक्वाला हाताला धरून पुढे उभं केलं.

ज्याचा आजार जातो त्याचं पाणी भोपळ्याच्या वाडग्यात ओततात आणि सगळ्यांत अशक्त आजाऱ्याला आधी पाजतात, ही इथली रीत आराबाला माहीत होती. पण ते ईस्टरला असतं, अशी तिची समजूत. उद्यापासून ईस्टरआधीचे उपासाचे दिवस. चोवीस तास माणसं आजूबाजूला, गोळ्या कुटायला आडोसा मिळणार नाही. म्हणून आज सकाळीच तिने पुढच्या कितीतरी दिवसांचं पीठ बाटलीत टाकून ठेवलं होतं.

सगळ्यांत अशक्त होता मान्साचा कोबिना. अजून रांगतही नव्हता. अंग तापल्या तव्यासारखं, मान आईच्या दंडावर कलंडलेली.

आराबा पुढे सरकली आणि हळूच म्हणाली, पाणी शिळं आहे, ताजं भरून आणते. प्रार्थनेचं पाणी शिळं होत नसतं बाई, मामे हसली. मग आराबा म्हणाली, पोरीला अजून लागेल ते. मागून एका मासेवालीचा आवाज आला, “स्वतःचं भागलं, आता बाटलीला बूच.” बाया खुसखुसल्या.

मामेने बाटली उपडी केली. शेवटी तळाचा पांढरा गाळ घरंगळत वाडग्यात उतरला. विहिरीचा चुना असेल, असं म्हणून तिने तो बोटाने ढवळला.

लहानग्याच्या पोटात हे गेलं तर ते झोपेल आणि उठणार नाही, असं मोठ्या रस्त्यावरच्या दवाखान्यातल्या नर्सने आराबाला बजावलं होतं. गोळ्या देताना दोनदा बजावलं होतं.

मान्साने बाळाचं तोंड बोटाने उघडलं. वाडगा ओठांपाशी आला.

मामेच्या हातातल्या भांड्याला कुणी शिवत नसे. आराबाने ते दोन्ही हातांनी धरलं. पाणी मामेच्या पांढऱ्या झग्यावर सांडलं.

“मामे, त्यात औषध आहे.”

खुळखुळे थांबले. मान्साने बाळाला छातीशी ओढलं. एक थेंबही गेला नव्हता, तरी ती पदराने त्याचे ओठ पुसत राहिली.

मामेने वाडग्यात बघितलं. मग फक्त आराबाला ऐकू जाईल असं म्हणाली, “मग इतके दिवस मी आभार कुणाचे मानत होते?”

“त्याचेच, मामे.”

मामेने उरलेलं पाणी वाळूवर ओतलं आणि पायाने वाळू सारखी केली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, चपला घाल. आवाजात राग नव्हता. असता तर आराबाला सोपं गेलं असतं.

फाटकाबाहेरच्या चपला उन्हाने तापल्या होत्या. एक्वाचा हात धरून ती मोठ्या रस्त्याकडे निघाली. मागून धावती पावलं आली. मान्सा होती. बाळ पाठीशी बांधलेलं, चपला अजून हातातच.

“तो दवाखाना आज उघडा असेल?”

“असेल. सुट्टी समुद्राला असते.”

आवारात खुळखुळे पुन्हा वाजू लागले. मामे फाटक्या आवाजात कोबिनाचं नाव घेऊन देवाकडे मागत होती. थोड्या वेळाने त्यात एक्वाचंही नाव आलं. आराबा उन्हात थांबली, आमेन म्हणाली आणि मग चालू लागली.

गोळी दगडावर ठेवण्याआधी आराबा रोज ती मुठीत धरून प्रार्थना करायची.