झेंडा नको, टायर दाखवा

आमच्या सायकल क्लबात एक पद्धत आहे. वर्षातून एकदा घाटाच्या चढणीची शर्यत होते आणि तिच्यात जो लागोपाठ तीनदा शेवटचा येतो, त्याला पिवळा झेंडा देतात. देताना टाळ्या वाजवतात, ‘मान’ म्हणतात. मान कसला डोंबलाचा! पुढच्या वर्षीपासून त्यानं माथ्याखालच्या आंधळ्या वळणावर उभं राहायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना झेंडा हलवून सावध करायचं. सध्या तिथे सिस्टर उभ्या असतात. हॉस्पिटलातून निवृत्त झाल्या तरी सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. झेंडा हातात आल्यापासून त्यांना शर्यतीत सायकलवर बसलेलं कुणी पाहिलेलं नाही.

मी दोनदा शेवटची आले होते. तिसरी शर्यत तोंडावर आली होती आणि मला टायर हवे होते.

साधे नाहीत, शर्यतीचे. हलके, मऊ, रुमालासारखी घडी पडेल असे. सायकलच्या दुकानात ते भिंतीवर टांगलेले होते. मी जाऊन त्यांच्याखाली उभी राहायची आणि कधी घंटी, कधी पाण्याची बाटली घेऊन परत यायची. घरात बाटल्यांचा ढीग झाला.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याच्या लेखी चढ हा प्रश्नच नाही, बटण दाबलं की झालं.

“आहेत त्या टायरांना काय झालंय?” त्यानं विचारलं.

“जड आहेत. दगड बांधल्यासारखं वाटतं.”

“अगं, पण टायर काय पाय मारणार आहेत? नाचता येईना अंगण वाकडं.”

“आणि अंगण खरंच वाकडं असलं तर? एकदा सपाट अंगणात नाचून बघू दे की मला.”

“त्या पैशात नवा मिक्सर येईल.”

“मिक्सरवर बसून घाट चढता येत नाही.”

तो हसला, म्हणून सुटला.

क्लबाचे सर मात्र हसले नाहीत. तरुणपणी ते फार जोरात सायकल चालवायचे म्हणे. आता शर्यतीच्या मागून गाडीत बसून येतात आणि भोंग्यातून सूचना देतात. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते मला त्यांच्यामुळे कळलं. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, “ताई, ते टायर पुढच्या मुलांसाठी असतात. त्यांचे दोन-चार सेकंद वाचतात आणि तेवढ्यावर नंबर ठरतो. तुमचं काय ठरणार आहे?”

“सर, ती मुलं वर पोहोचून गप्पा मारत असतात तेव्हा मी अर्ध्या घाटात असते. रस्त्यावर जास्त वेळ मी असते. मग चांगल्या टायरचा उपयोग जास्त कुणाला?”

सरांनी भोंगा पुसायला घेतला.

दुकानदाराचं बोलणं तेवढं सरळ होतं. हे टायर लवकर झिजतात, बारीक काचसुद्धा सोसत नाहीत, वेग वाढतो पण थोडाच. एवढं सांगून तो म्हणाला, “बाकी हौसेला मोल नसतं.” मी म्हटलं, “मोल तर तुम्हीच चिकटवलंय की त्यावर.”

बोलायला मी कुणाला हार जात नाही. पण घरी येताना माझा धीर सुटायचा. पन्नाशी उलटलेली बाई, शेवटून पहिला नंबर, आणि हिला शर्यतीचे टायर! सरांचा भोंगा माझ्या डोक्यातही वाजत होता. त्याची मला लाज वाटायची आणि रागही यायचा.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. मागच्या खोलीत काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या आणि गर्दी असली की पुढे काउंटरवर यायचं. त्या आठवड्यात एक मुलगा आईला घेऊन आला. आई चांगली थकलेली होती. मी दोन काचा दाखवल्या, एक साधी आणि एक चकाकी न येणारी, महाग.

“साधीच लावा,” मुलगा म्हणाला. “ती आता कुठे जाते?”

मी आईकडे पाहिलं. अशी माणसं ‘मला काय करायचंय, साधीच बरी’ म्हणतात आणि मी निमूट साधी काच घासते. पण ही बाई खुर्चीत ताठ झाली.

“कुठे जाते म्हणजे? खिडकीत बसते, वाचते, दिवसभर तुझं तोंड बघते. जायचं नाही म्हणून काय धुरकट बघू? चांगली लाव गं बाई.”

मुलगा वरमला. मी ती काच इतक्या निगुतीनं घासली की मालक दोनदा डोकावून गेले. संध्याकाळी दुकानाचं शटर पडलं तशी मी थेट सायकलच्या दुकानात गेले आणि भिंतीकडे बोट दाखवलं.

टायर रिमवर चढवताना नवऱ्यानं स्वतःहून हात लावला. शेवटची वीतभर कड काही केल्या आत जाईना. दोघांचे अंगठे लाल झाले. “एवढं महाग आणि एवढं हट्टी,” तो म्हणाला आणि माझ्याकडे बघून पुढचं गिळलं. दुकानदार म्हणाला होता, रोज जुने वापरा, हे शर्यतीपुरते काढा. मी जुने भंगारात दिले आणि दुसऱ्या दिवशी कामावर नव्या टायरांवरच गेले. चांगली वस्तू कपाटात ठेवून म्हातारी करायची मला हौस नाही.

शर्यतीच्या दिवशी रस्ता ओला होता. टायर खाली बारीक गुणगुणत होते आणि पूर्वी मनगटात बसणारे खड्डे नुसते कळून जात होते. पाय माझेच होते, फुप्फुसं माझीच होती, चढ काही कमी झाला नव्हता. पण गेल्या दोन्ही वर्षी मला पुढे कुणाची पाठ दिसली नव्हती. या वर्षी शेवटपर्यंत एक निळी पाठ दिसत राहिली.

आंधळ्या वळणावर सिस्टर झेंडा घेऊन उभ्या होत्या. “नवे टायर का गं?” त्या ओरडल्या. “आवाजावरून कळलं!”

निळी पाठ हाती लागली नाही. मी शेवटची आले.

माथ्यावर सगळे तयारच होते. माझ्यामागून आलेल्या गाडीतून सर उतरले आणि कोराकरकरीत झेंडा घेऊन पुढे झाले. “ताई, मानाचा आहे. पदरी पडलं पवित्र झालं, म्हणायचं आणि घ्यायचा.”

मी झेंडा घेतला. टाळ्या पडल्या. मग खाली बसून त्याच झेंड्यानं पुढच्या टायरवरचा चिखल पुसला, मागच्याचाही पुसला, नीट घडी घातली आणि सरांच्या हातात परत दिला. टाळ्या थांबल्या.

“ही पद्धत आहे,” सर म्हणाले.

“असू दे की. मी पुढच्या वर्षी येतेय. नंबर तोच राखून ठेवा.”

आणि मी उतारावर निघाले. माझा राग मस्त ताजा होता. वळणावर सिस्टरनी झेंडा आडवा करून मला थांबवलं. त्या टायरवर वाकल्या, अंगठ्यानं दाबून पाहिलं, बोट फिरवलं.

“मला तिसऱ्या वेळी कुणी विचारलंच नाही गं,” त्या म्हणाल्या. “दिला, मी घेतला. नको म्हणता येतं, हेच सुचलं नाही.”

मी उतरले. सायकल त्यांच्याकडे केली आणि हेल्मेट काढून दिलं.

“वेडी का तू? खाली गेले तर वर कशी येणार?”

“चढून. टायर चांगले आहेत.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. “हे धर जरा,” म्हणून झेंडा माझ्या हातात कोंबला, आणि पुढच्या क्षणी वळणाआड दिसेनाशा झाल्या. खालून त्यांची आरोळी मात्र बराच वेळ ऐकू येत होती.

तेवढ्यात वरून सरांची गाडी आली. मला झेंड्यासकट उभी पाहून त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी काच खाली केली.

“शेवटी घेतलात ना!”

“हा माझा नाही, सिस्टरांचा आहे. त्या सायकलवर गेल्यात.”

“सायकलवर? मग आता वळणावर कोण उभं राहणार?”

मी गाडीचं दार उघडलं आणि झेंडा त्यांच्यापुढे धरला.

“या सर, उतरा.”