शिळं पाणी

मी काचेची पेटी बोलतेय. गोड बोलणं ऐकायचं असेल तर दुसऱ्या कुणाकडं जा. मला राग आलेला आहे आणि तो मी गिळणार नाही.

जामखेडच्या पेठेत सूर्यभानचं तसबिरींना काच बसवायचं दुकान आहे. एकाहत्तर सालची दिवाळी झाली आणि त्यानं मला तिथंच घडवलं. लोखंडी अँगलची चौकट, तिला लाल रंग, खाचेत काच चिकटवायची लांबी आणि लांबीत दाबून बसवलेल्या पाच काचा. हात त्याचा फार चांगला. तोंड मात्र शिवलेलं. गिऱ्हाईकानं काही विचारलं तर मान हलवून उत्तर द्यायचा.

समुद्रातल्या माशांचं वेड त्याला मावसभाऊ सहादेवनं लावलं. सहादेव मुंबईला ट्रक घेऊन जायचा. एका फेरीत तो समुद्राच्या पाण्याचे आठ कॅन घेऊन आला. चार माझ्यात ओतले, चार मागच्या खोलीत ठेवले. ट्रकच्या जुन्या ट्यूबमध्ये हवा भरली, तिला सलाईनची नळी जोडली आणि माझ्या तळाशी बुडबुडे सुटू लागले.

"मासे एवढ्यात न्हाई हां," सहादेव म्हणाला. "मासेवाल्यानं बजावलंय. पानी महिनाभर मुरलं पायजे. चिमूटभर सुकट टाक, कुजू दे. वास मारंल, मग आपोआप जाईल. वाळूत, दगडावर डोळ्याला न दिसनारे जीव धरत्यात. माशाची घान तेच खात्यात. ते न्हाईत तर मासे सोताच्याच घानीत मरत्यात. ही घे मासेवाल्याच्याच जुन्या पेटीतली मूठभर वाळू. ह्याचं इरजन लाव."

सूर्यभाननं मान हलवली. भिंतीपलीकडं त्याची आई बायडाबाई भाकरी थापत होती. तिला कुणी काही सांगितलं नाही. माझ्या रागाचं मूळ इथं आहे.

आठवड्यात मी घाण वास मारू लागले. शेजारचा चहावाला छगन नाकाला पंचा लावून आला. "देवाच्या तसबिरी आन् सुकटीचा वास! सूर्यभान, पाटी बदल की दुकानाची. सुकट भांडार कर."

लोक हसले. आई आतून आली. "सूर्या, कसला वास रं ह्यो?"

"काय न्हाई."

या दोन शब्दांवर त्या माउलीनं तीस वर्षं काढली होती. आधी नवऱ्याचे, मग मुलाचे.

चौथ्या आठवड्यात वास गेला. पाणी असं निवळलं की पलीकडच्या भिंतीवरचा खिळा दिसावा. दगडांवर तपकिरी साय धरली. मी तयार होत होते. मला ते आतून कळत होतं. आणि निरोप आला, सहादेव रविवारी मासे घेऊन येतोय.

शनिवारी सूर्यभान काचा आणायला नगरला गेला. बायडाबाई माझ्यासमोर उभी राहिली. तिच्या घरात कालचं पाणी आज पीत नाहीत. रोज सकाळी हंडा-कळशी रिकामी करायची, राखेनं घासायची, ताजं भरायचं. आणि इथं महिन्याचं पाणी! वर दगडांना मळ.

"पाव्हनं यायचं आन् शिळ्या पान्यात ठिवायचं? लोक काय म्हनत्याल माझ्या लेकाला?"

तिनं सगळं पाणी मोरीत ओतलं. काचा राखेनं आणि काथ्यानं घासल्या. दगड घासले. वाळू सात पाण्यांनी धुतली. मग सहादेवनं माशांसाठीच आणलेलं म्हणून मागच्या खोलीतले झाकणबंद चार कॅन एकेक करून माझ्यात ओतले. कंबर धरून उभी राहिली आणि माझ्या चौकटीला कुंकवाचं बोट लावलं.

तिच्यावर मी कशी रागावू? इतक्या मायेनं मला कुणीच हात लावला नव्हता.

संध्याकाळी सूर्यभान आला. एका नजरेत त्याला कळलं. चेहरा उतरला.

"बघ, कशी लखलखती झाली," आई म्हणाली.

"बरं झालं," तो म्हणाला.

खोटारडा! रविवारी दुकानासमोर ही गर्दी. पिशवीत निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे तीन मासे. सहादेव दुपारीच मुंबईला परत निघणार होता. "पाणी नवं आहे, मासे परत ने," एवढं म्हटलं असतं तरी ते वाचले असते. पण लोकांपुढं नाही म्हणायची याला लाज. सोडली पिशवी.

दुसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडू लागले. माझ्या पाण्यात त्यांची घाण साचत होती आणि ती खाणारं कुणी नव्हतं. चौथ्या दिवशी तिन्ही मासे काचेला चिकटून आडवे झाले.

"कशानं मेलं रं?" छगननं विचारलं.

"आईनं पेटी धुतली."

चार लोकांत हा माणूस पहिल्यांदा आख्खं वाक्य बोलला, आणि ते हे!

बाजारात झालं, म्हातारीनं मासे मारले. बायडाबाई दुकानात यायची बंद झाली. मागच्या दारानं जायची, मागच्याच दारानं यायची. पुढच्या फेरीला सहादेव पाणी घेऊन आला, तेव्हा तिनं त्याला आतच धरलं. "धुतल्यानं मरत्यात व्हय रं?"

त्यानं समजावलं.

"आरं, मग हे इरजनाचं भांडं हाय की! इरजन घासून टाकतंय व्हय कुनी? एका शब्दानं सांगायचं हुतं मला."

बाहेर सूर्यभान काच कापत होता. त्याचा हात थांबला. मग पुन्हा काच कापू लागला. त्या दिवशी मला फुटून जावंसं वाटलं.

पुन्हा सुकट, पुन्हा वास, पुन्हा महिना. पुन्हा रविवार, पुन्हा पिशवी.

"सूर्यभान, म्हातारीला कोंडून ठिव आधी," छगन ओरडला, "न्हाईतर मासं बी राखेनं घाशील!"

सगळे हसले. सूर्यभाननं पिशवी गाठीसकट खाली ठेवली. "छगनराव," तो म्हणाला, आणि आवाज इतका चढला की त्याचा तोच दचकला. "आईला मी सांगितलंच न्हवतं. पेटी धुतलेली मला दिसली हुती. तरी मी मासे सोडले. मासे मी मारले."

कुणी हसलं नाही. छगन पंचा झटकत चुलीकडं वळला.

आतलं दार वाजलं. बायडाबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. डोळे पुसत म्हणाली, "सूर्या, एवढं मोठ्यानं नगं बोलू. मासं भ्यात्याल."

मासे जगले. मीच आता गंजतेय. खाऱ्या पाण्यानं लांबी सुटत चालली आहे, फार दिवस उरलेले नाहीत. राग गेला का म्हणाल, तर नाही. तीन जीव माझ्या पोटात गेले. घरात नवी वस्तू आणाल तेव्हा घर सांभाळणाऱ्या बाईला तिचं सगळं सांगा. नाही जमलं, तर निदान आपलं पाप तिच्या माथी मारू नका.