मला तोंड आहे, गळा नाही

मित्रांनो, मी मातीचा एक जुना वाडगा आहे. मला तोंड आहे, पोट आहे, गळा तेवढा नाही. म्हणून माणसाच्या गळ्याबद्दल मला जन्मभर कुतूहल वाटत आलं. माझ्यातून उचललेला घास ओठांआड जातो, आणि मग कुठे जातो? माझ्यात तर पडलेलं सगळं दिसतं.

मामपाँग गावाजवळच्या एका कुंभारणीने मला घडवलं. माती ओली असतानाच तिने माझ्या आतून बारीक रेघा ओढल्या. त्या खरबरीत रेघांवर मिरची-टोमॅटो वाटायचे आणि धुऊन त्याच वाडग्यात जेवायचं, अशी आमची दुहेरी नोकरी. बाजारात सेर्वाने मला वाजवून पाहिलं, कान लावला आणि घरी नेलं.

सेर्वा फुफू विकायची. कसाव्याचे कंद आणि कच्ची केळी उकडून उखळात कुटली की असा मऊ, चिकट गोळा होई की बघत राहावं. तो चावायचा नसतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. सुपात बुडवायचा आणि गिळायचा. चावणारा एकतर परगावचा, नाहीतर आजारी.

दुपारी तिचा नवरा नाना न्यार्को आणि त्यांचा मित्र, बोआदू शिंपी, दोघे माझ्यातच जेवत. नानांचे घास बावीस, बोआदूचे अठरा. माझ्या रेघांना प्रत्येक बोट कळतं; चूक होणं शक्य नाही.

मग एका वर्षी हिशोब फिरला. बावीसचे बारा झाले. कबुतराच्या अंड्याएवढे घास शेंगदाण्याएवढे झाले. प्रत्येक घासामागे दोन घोट पाणी. मध्येच छातीवर मूठ. कधी नाना उठून केळीच्या झाडांमागे जात आणि डोळे पुसत परत येत.

“मिरची फार झाली आज,” ते म्हणत. त्या दिवशी सुपात मिरची नसली तरी.

“चावतोस की काय रे?” बोआदू डिवचायचा. “या वयात नवे दात आले?”

“माझ्या वाटणीचा मासा तुझ्या पोटात गेला ना? मग गप जेव.”

घास अडतो तरी कुठे, याचा मी विचार करत होतो. सेर्वाला वेगळाच प्रश्न पडला होता. आमच्याकडे नवऱ्याने घरचं सूप टाकलं की बायका दुसरं काही विचारत नाहीत, दुसरीचं घर विचारतात.

“कोण आहे ती?” सेर्वाने एक दिवस विचारलंच. “मीठ जास्त घालते की कमी?”

खरं सांगू? नाना थोडे ताठच बसले. फुफू गिळता येत नाही या नामुष्कीपेक्षा बाहेरच्या बाईची बदनामी त्यांना हलकी वाटली! गल्लीभर कुजबुज झाली. दोन-चार म्हातारे तर त्यांना अदबीने हाक मारू लागले.

पण सेर्वाने पेटी भरली. “उद्या मी बहिणीकडे जाणार,” ती म्हणाली. “मी जाऊ नये असं वाटत असेल तर आज माझ्यासमोर जेवा. पूर्वीसारखे.”

नानांचा चेहरा उतरला. त्यांनी पूर्वीएवढा घास तोडला, बुडवला आणि गिळला. तो छातीत अडकला. डोळे बाहेर आले, पण आवाज निघेना.

“वरून मोठा घास घे!” बोआदू ओरडला. माशाचा काटा अडकला की आमच्याकडे हेच करतात. नानांनी घेतला. आता एकावर एक दोन. पाणी घेतलं, तर तेही उलट आलं. लाळसुद्धा खाली जाईना. नाना माझ्यावर वाकले, आणि जन्मात पहिल्यांदा मी गेलेला घास परत येताना पाहिला.

सेर्वा माझ्यात बघत राहिली.

“कधीपासून हे?”

“मागच्या यामकंदाच्या सणापासून.”

“आणि ती बाई?”

“कुठली बाई?” नाना कसेबसे म्हणाले. “असती तर तिनेही फुफूच वाढला असता ना!”

सेर्वा हसली, मग रडली, आणि मग बोआदूच्या पाठीत तिने धपाटा घातला. “म्हणे मोठा घास घे! मारलं असतंस त्यांना!”

शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं की गळ्याखालून पोटाकडे एक नळी जाते आणि नानांची ती आवळली आहे. त्यांनी ती आतून रुंद केली. “पुन्हा आवळू शकते, तेव्हा पुन्हा या,” ते म्हणाले. “ताठ बसा, बारीक चावा, आणि अडकलेल्यावर दुसरा घास मुळीच ढकलू नका.” अखेर मला उत्तर मिळालं.

तोवर मी मात्र खुराड्याजवळ पडलो होतो. आता नानांच्या वाडग्यात काय घालायचं हेच सेर्वाला सुचत नव्हतं. माझ्यात कोंबड्या पाणी पीत. तिने मिक्सरमध्ये याम फिरवून पाहिला, तर त्याची खळ झाली. एका सकाळी तिने मला उचललं, राखेने घासलं आणि उकडलेला याम पाम तेलात माझ्या रेघांवर घोटला. वर एक अंडं. हा झाला एतो, आमच्याकडे वाढदिवसाला करतात तो.

“रोजच वाढदिवस?” बोआदू म्हणाला. “या आठवड्यात वय किती वाढलं?”

“सात वर्षांनी थोरला झालोय तुझ्यापेक्षा. वाकून बोल.”

नाना आता सर्वांदेखत चावतात. पहिले काही दिवस गिऱ्हाइकं बघायची. सेर्वाने एकदा पळी उगारल्यावर त्यांचं बघणं थांबलं.

मित्रांनो, माझ्या काठाचा टवका उडाला आहे, म्हणून धुताना मला आपटू नका. आणि पंगतीत कुणी मागे राहत असेल, सारखं पाणी पीत असेल, तर त्याला हसू नका, त्याच्याविषयी तर्क बांधू नका. त्यालाच विचारा, आणि थांबा.

अजूनही एखादा घास अडतो. नाना हात वर करतात. बोआदूची बोटं माझ्या काठावर थांबतात. तो आभाळाकडे बघत कापडाच्या भावाबद्दल काहीबाही बोलतो, जणू त्याला कसली घाईच नाही. सेर्वा चुलीपाशी पळी धरून उभी असते.

“गेला,” नाना म्हणतात.

मग दोघांची बोटं पुन्हा माझ्या रेघांवरून फिरू लागतात.