अस्कालेचचे आठ

प्रिटोरियात निर्वासितांच्या मुलाखती आणि अपिलं चालतात तिथे मी नऊ वर्षं दुभाषा आहे, आणि हे मी कुणी न विचारताही सांगतो. अम्हारिक बोलणारा माणूस आला की मेकुरियालाच बोलवायचं, असं तिथे ठरलेलं आहे. निदान मी तरी तसं ठरवलेलं आहे.

माझी खास कला घड्याळाची. आम्हा इथिओपियाच्या लोकांचं घड्याळ उजाडल्यावर सुरू होतं. जगाचे सकाळचे आठ म्हणजे आमचे दोन. नवखे दुभाषे दोन ऐकून दोनच सांगतात आणि माणसाची केस बुडवतात. मी सहा मिळवल्याशिवाय तोंड उघडत नाही. कॉफीला बसलं की ही टिमकी मी दरवेळी वाजवतो, त्यामुळे हल्ली तिसऱ्या कपापर्यंत कुणी थांबत नाही.

त्या दिवशी अस्कालेचचं अपील होतं. तिच्या नवऱ्याला सैनिकांनी घरातून उचललं आणि ती समोरच्या शाळेच्या दारातल्या गर्दीत शिरून निसटली. पहिल्या मुलाखतीत हे कुणाला पटलं नव्हतं. अर्जात सैनिक सकाळी आठला आले होते, मुलाखतीत दुपारी दोनला. दुपारी दोनला शाळेच्या दारात कसली आलीय गर्दी? जिला आयुष्यातली सर्वांत भयंकर वेळ धड सांगता येत नाही, तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा, असं निकालात लिहिलं होतं. आजही तेच झालं असतं तर तिची रवानगी परत त्याच सैनिकांच्या गावात होती.

अपील ऐकणाऱ्या मोलेफेबाईंनी विचारलं, "मग खरं काय? आठ की दोन?"

"आठच," अस्कालेच म्हणाली. "तेव्हाही मी आठच म्हणाले होते की! इथे मी राहते त्या घरातल्या बायांनी बजावलं होतं, कचेरीत आपली वेळ सांगू नकोस गं बाई, ह्यांची सांग. आठवडाभर बोटांवर मोजून पाठ केलं मी. ह्या गाशेंनाच विचारा ना, तेच होते मुलाखतीला."

गाशे, म्हणजे दादा, म्हणजे मी.

तिने आधीच सहा मिळवले होते. त्यावर मी माझे सहा चढवले आणि आठाचे दुपारचे दोन झाले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण इथे शहाणपण माझं होतं आणि बैल तिचा.

खोलीत दोन्ही भाषा कळणारा मी एकटाच. "बाईंचा गोंधळ उडालाय" एवढं म्हटलं असतं तरी खपून गेलं असतं. सांगायला लाज वाटते, पण ते वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. ते गिळून मी तिचं बोलणं शब्दन्‌शब्द सांगितलं आणि म्हणालो, "चूक माझी आहे. कुठल्या घड्याळाचे आठ, हे मी तिला विचारलंच नाही."

मोलेफेबाईंनी लिहिणं थांबवलं. "वेळेचा मुद्दा तिच्याविरुद्ध धरणार नाही मी. पण मेकुरिया, असे न विचारता सहा तास किती जणांच्या जबानीत मिळवलेत तुम्ही?"

"सगळ्यांच्याच."

"सगळे म्हणजे किती?"

"चारशेच्या वर." हा आकडा मी आजवर छाती फुगवून सांगत आलो होतो.

अस्कालेचने माझी बाही ओढली. "काय म्हणतायत, गाशे?"

मी सांगितलं. तेच तर माझं काम.

तिने बाही सोडली नाही. मग हळूच म्हणाली, "त्यातले परत किती पाठवले?"

मला ठाऊक नव्हतं. कुणाचा निकाल काय लागला, हे नऊ वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं.